हळदीचा कागद, ऊन आणि निळा दिवा: प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

पुतणी नववीत आहे. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाचं शाळेत प्रदर्शन आहे आणि तिला ज्वालामुखी, पवनचक्की असलं काही करायचं नाहीये. काल दुकानात येऊन बसली होती, मी स्क्रीन एक्सपोज करत होतो ते बघत बघत म्हणाली, काका हेच करूया ना, उजेड पडला की वस्तूत काय बदल होतो ते. मला लगेच पटलं. नाशकात रविवार कारंजाजवळ आमचं स्क्रीन प्रिंटिंगचं दुकान आहे, बाबांनी काढलेलं, लग्नपत्रिका, कापडी पिशव्या, व्हिजिटिंग कार्ड, आणि हा अख्खा धंदा उजेडावर चालतो याचा मी कधी नीट बसून विचारच केला नव्हता.

म्हणजे बघा, जाळीवर इमल्शन, म्हणजे उजेडाने कडक होणारा लेप, ओढायचं, आतल्या खोलीत पिवळ्या बल्बखाली सुकवायचं, वर डिझाईनची पॉझिटिव्ह, म्हणजे पारदर्शक फिल्मवर काळ्या शाईत काढलेलं चित्र, ठेवायची आणि उजेड द्यायचा. जिथे उजेड लागला तिथलं इमल्शन कडक होतं, पाणी मारलं तरी जात नाही, आणि जिथे पॉझिटिव्हवरची काळी शाई आडवी आली तिथलं मऊच राहतं नि वाहून जातं, मग त्या मोकळ्या जाळीतून रंग उतरतो. बाबांच्या वेळी एक्सपोजर बॉक्स नव्हता, ते गच्चीवर फ्रेम उन्हात धरून मोठ्याने आकडे मोजायचे, आणि शेजारच्या लोकांना ते आकडे ऐकून कळायचं की आज पत्रिकेचं काम आहे. तेव्हाचं इमल्शन म्हणजे बायक्रोमेट, क्रोमियमचा क्षार, घातलेलं. उजेडात त्यातलं सहावालं क्रोमियम तीनवर येतं आणि इमल्शनच्या लांब साखळ्यांना एकमेकींशी बांधून टाकतं, म्हणून ते कडक होतं. विषारी माल, बाबांच्या बोटांना कायम चट्टे असायचे. आता आम्ही ते वापरत नाही आणि पोरीच्या हातात तर देणारच नाही.

तेव्हा काहीतरी घरातलं पाहिजे. रात्री जेवताना विषय निघाला तर आई म्हणाली, त्यात काय, हळद घ्या, हळदीचा डाग साबणाने कधी जातो का, उन्हात वाळत टाकला की आपोआप जातो. सगळे गप्पच झालो. ठरलं, हळद.

१२ जानेवारी, रविवार

पहिला दिवस, पहिला कागद फुकट. हळद पाण्यात कालवून लावली होती, नुसता गाळ कागदावर बसला आणि सुकल्यावर झटकला तर उडून गेला. मग वाचलं तर कळलं की हळदीचा पिवळा रंग म्हणजे कर्क्युमिन, आणि ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, तेलात नि अल्कोहोलमध्ये विरघळतं. (फोडणीत हळद तेलात टाकतात तेव्हाच रंग सुटतो, तेच हे.) मेडिकलमधून सर्जिकल स्पिरिट आणलं, १०० मिलीत दोन चमचे हळद, बाटली चांगली हलवली, अर्धा तास बसू दिली आणि वरचं स्वच्छ पिवळं स्पिरिट सुती फडक्यातून गाळून घेतलं. खिडक्या उघड्या ठेवल्या आणि गॅसपासून लांब बसलो, स्पिरिट आहे. ड्रॉइंगचा जाड कागद, रुंद ब्रश, दोन हात मारले, आतल्या खोलीत सुकवला. काय सुंदर पिवळा आला, झेंडूसारखा.

वर पेरूचं पान, त्यावर काच, चारी बाजूंनी क्लिपा, आणि गच्ची. साडेअकराला ठेवला, साडेतीनला काढला. पान उचललं तर खाली पिवळं पान तसंच आणि बाजूचं सगळं फिकट सायीच्या रंगाचं! पुतणीने ओरडून सगळ्यांना वर बोलावलं. शिरा काही उमटल्या नाहीत, पेरूचं पान जाड, उजेड आत जाऊच देत नाही. पुढच्या वेळी पातळ पान.

यात एक आईची भर. तिला आठवलं की पूर्वी हळदीचंच कुंकू करायचे, टाकणखार (बोरॅक्स) वगैरे घालून. म्हणून काष्ठौषधीच्या दुकानातून टाकणखार आणला, पाण्यात विरघळवून कागदावर फवारला. पिवळं पान बघता बघता विटकरी लाल झालं! फिकट भाग मात्र तसाच राहिला, कारण तिथे लाल व्हायला हळदच शिल्लक नाही. माझ्यासाठी हीच खरी साक्ष. उन्हाने रंग नुसता झाकला असता तर टाकणखाराने तो परत वर आला असता. तो आला नाही, म्हणजे तो रेणूच तुटलाय.

१४ जानेवारी, संक्रांत

गच्चीवर पतंगवाल्यांची गर्दी, आमच्या काचेवरून दोनदा कोणीतरी गेलं, एक काच तडकली. काम नाही. एवढंच लिहून ठेवतो की नाशकात सध्या सूर्य सगळ्यात वर येतो तो बारा वाजता नाही, पावणेएकच्या आसपास, आणि तेव्हाही तो ४८ अंशच वर असतो. मार्चच्या मध्यावर तो ६८ अंशांपर्यंत जाईल. म्हणजे आत्ता चार तास लागतात ते तेव्हा कमी लागायला पाहिजेत. कागदामागे तारीख, वेळ, ढग होते की नाही, सगळं लिहायचं असं पुतणीला सांगितलं.

१९ जानेवारी, रविवार

आज तिने मला असा प्रश्न विचारला की मी कबूल केलं, उत्तर माहिती नाही, करून बघू. काका, हे उजेडाने होतंय की उन्हाच्या गरमीने?

बरोबर आहे ना. गच्चीवरचा पत्रा दुपारी हात लावू देत नाही. मग तीन कागद केले. एक उघडा उन्हात. दुसरा काळ्या कागदाच्या पाकिटात घालून त्याच पत्र्यावर, म्हणजे गरम तेवढाच पण अंधारात. आणि तिसरा उन्हातच पण खाली बर्फाच्या पाण्याचं स्टीलचं ताट, म्हणजे उजेड तेवढाच पण थंड, आणि बर्फ संपला की मी परत आणून टाकायचो, खाली वर चार चकरा झाल्या. चार तासांनी बघितलं, पाकिटातला कागद जसाच्या तसा पिवळाधमक, उघडा फिकट, आणि बर्फावरचा पण फिकट, डोळ्याला तरी दोघांत फरक दिसेना.

झालं, गरमीचा संशय मिटला. आता लोक विचारतील तेव्हा तिच्याकडे दाखवायला कागद आहेत, नुसतं पुस्तकात लिहिलंय असं म्हणायची पाळी येणार नाही. हे तीन कागद मी वेगळ्या फाईलमध्ये ठेवलेत.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन करून आली आणि थेट गच्ची. आज रंगीत जिलेटीन पेपर. लाल, पिवळा, हिरवा, निळा, प्रत्येकाच्या दोन घड्या, एका लांब हळदीच्या कागदावर शेजारी शेजारी चिकटवले, एक पट्टी मोकळी सोडली. मी म्हटलं तू आधी अंदाज लिही. तिने लिहिलं लालखाली सगळ्यात जास्त उडेल, कारण लाल म्हणजे गरम. मी काही बोललो नाही.

चार तासांनी, मोकळी पट्टी सगळ्यात फिकट, आणि तिच्या मागोमाग निळ्याखालची. हिरव्याखाली थोडासा फरक. लाल आणि पिवळ्याखाली तर जवळजवळ तसाच रंग.

इथे तिला बसवून मी जे वाचलं होतं ते सांगितलं आणि सांगताना मलाच पहिल्यांदा नीट कळलं असं वाटतं. हळद पिवळी का दिसते, तर ती पांढऱ्या उजेडातला निळा जांभळा भाग गिळते आणि उरलेला परत टाकते, उरलेला आपल्याला पिवळा दिसतो. कर्क्युमिन सगळ्यात जास्त गिळतं ते ४२५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास, म्हणजे जांभळ्या निळ्याच्या हद्दीवर. आणि जो उजेड गिळला जातो तोच काम करतो, बाकीचा आला तसा गेला, त्याने काडीचा फरक पडत नाही. १८१७ मध्ये ग्रोटहुस नावाच्या शास्त्रज्ञाने हे मांडलं, नंतर ड्रेपरने परत तेच दाखवलं, दोघांच्या नावाने नियम आहे. शिवाय निळ्या उजेडाच्या एका कणात ताकद जास्त असते, ४५० नॅनोमीटरला साधारण पावणेतीन इलेक्ट्रॉनव्होल्ट, लाल ६५० ला एक पूर्णांक नऊ. लाल कितीही ओता, एकेक कण कमजोरच, आणि हळद तो घेतच नाही.

म्हणजे पदार्थाचा रंगच सांगतो की त्याला कुठला उजेड लागू पडेल. पिवळं असेल तर निळा.

आणि मग आमच्या आतल्या खोलीतला पिवळा बल्ब! तीस वर्षं तो तिथे आहे, बाबांनी लावला, मी फक्त बदलत आलो. इमल्शन निळा नि अतिनील उजेड घेतं, पिवळा घेत नाही, म्हणून त्या बल्बखाली ते शांत राहतं. बाबांना हे कोणी शिकवलं होतं का त्यांनीच स्क्रीन वाया घालवून घालवून शोधलं, आता विचारायला ते नाहीत. संध्याकाळी हळदीचा एक कागद त्या बल्बखाली लावून ठेवला, आठवडाभर राहू दे.

२ फेब्रुवारी, रविवार

बल्बखालचा कागद, सात दिवस, काही फरक नाही. फाईलमध्ये टाकला.

आज दिंडोरीला मामांकडे गेलो होतो, द्राक्षाचं पातळ पान हवं होतं छापायला. बागेत सगळे घड कागदात. पुतणीने विचारलं हे कशाला. मामा म्हणाले मण्यात पाणी उतरायच्या सुमाराला पेपर लावायचा, नाहीतर थंडीत पांढऱ्या मण्याला गुलाबी छटा येते, पिंक बेरी म्हणतात, आणि एक्स्पोर्टवाला तो घड बाजूला काढतो. खायला काही वाईट नसतो, पण रंग गेला की भाव गेला. दिवसाचं ऊन आणि रात्रीचा गारठा यातला फरक वाढला की हे जास्त होतं, कागदाने दोन्हीपासून आडोसा मिळतो. किती मजूर लागतात, एकेक घड हाताने गुंडाळायचा, हे ऐकून पोरगी बराच वेळ शांत होती. आमच्याकडे उजेड रंग घालवतो, इथे झाडाच्या आत तोच रंग आणायला मदत करतो, आणि दोन्हीकडे माणूस कागदाचा तुकडा आडवा धरून त्याला सांगतोय की इथे नको.

कोवळी पानं घेऊन आलो. शिरांसकट उमटली, दोन तासांत दोन मस्त प्रिंट.

८ फेब्रुवारी, शनिवार

धाकटी बहीण बाळंतपणाला माहेरी आली होती, आज सकाळी मुलगी झाली. थोडी लवकर, ३७ आठवड्यांची, पण रडली चांगली. दोघी ठीक. प्रकल्पाचं काम बंद.

११ फेब्रुवारी, मंगळवार

बाळाला कावीळ. काल रात्रीच आई म्हणत होती डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा वाटतोय, सकाळी डॉक्टरांनी रक्त काढलं, बिलिरुबिन, म्हणजे काविळीचं पिवळं रंगद्रव्य, साडेसतरा. दुपारपासून निळ्या दिव्याखाली ठेवलंय. काचेची छोटी पेटी, वरून निळा उजेड, अंगावर फक्त लंगोट, डोळ्यांवर पट्टी. बहीण रडत होती, तिला वाटत होतं एवढुशा जिवाला असं उघडं, डोळे बांधून, आपल्यापासून लांब. मी पण दारातून बघितलं आणि घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं.

नर्स चांगल्या होत्या. सांगितलं की जेवढं अंग उघडं तेवढं लवकर उतरतं, डोळ्यांच्या पडद्याला त्रास नको म्हणून पट्टी, दर दोन अडीच तासांनी बाहेर काढून दूध पाजायचं, शी हिरवट नि पातळ होईल तर घाबरायचं नाही. मी विचारलं हा दिवा निळाच का, दुसरा रंग का नाही. त्या म्हणाल्या निळाच लागतो.

बाहेर बाकावर बसलो आणि मग डोक्यात लख्ख झालं. पिवळं आहे. पिवळं निळा गिळतं. गेला महिनाभर गच्चीवर आम्ही हेच करतोय. बहिणीला आत जाऊन सांगितलं, मोबाईलवर हळदीच्या कागदांचे फोटो दाखवले, हे बघ मोकळी पट्टी, हे बघ निळ्याखालची. रडणं काही लगेच थांबलं नाही पण ती फोटो परत परत बघत होती.

१२ फेब्रुवारी, बुधवार, रात्री हॉस्पिटलमध्ये

आज माझी पाळी. सकाळच्या रिपोर्टमध्ये पंधरा. उतरतंय. रात्रभर वाचत बसलो, ते इथे लिहून ठेवतो कारण प्रदर्शनात हे आलंच पाहिजे असं आता मला वाटतं.

बिलिरुबिन येतं कुठून, तर जुन्या तांबड्या पेशी मोडल्या की त्यातल्या लाल रंगद्रव्याचं शेवटी हे पिवळं होतं. मोठ्या माणसात यकृत त्याला पाण्यात विरघळेल असं करून पित्तातून बाहेर काढतं. नवजात बाळाचं यकृत अजून तेवढं तयार नसतं, पेशी मात्र भराभर मोडत असतात, म्हणून साठतं. फार साठलं तर मेंदूत शिरू शकतं, आणि सगळी घाई त्यासाठीच. आणि हे पण हळदीसारखंच, पाण्यात विरघळत नाही. का, तर त्या रेणूची पाण्याला धरणारी टोकं आतल्या आत एकमेकांना घट्ट धरून बसलेली असतात, मिटलेल्या मुठीसारखी. निळा उजेड गिळला की रेणूचा एक भाग सांध्यातून वळतो, ती आतली पकड सुटते, मूठ उघडते, आणि आता यकृताने आधी विरघळण्याजोगं न करताच ते पित्तात जाऊ शकतं. काही रेणू पुन्हा मूळ आकारात येतात, पण काहींचं लुमिरुबिन होतं, ते सावकाश बनतं पण परत फिरत नाही आणि लवकर बाहेर पडतं. दिव्याचा उजेड ४६० ते ४९० नॅनोमीटरच्या मधला ठेवतात.

मग हळद आणि बाळ एकच का? नाही. हळदीचा रेणू उजेडाने, हवेतला ऑक्सिजन सोबत घेऊन, तुटतो, त्यातून इतर तुकड्यांबरोबर व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाच्या वासाचा पदार्थ, पण निघतं. बाळाच्या अंगात मुख्यतः तोडणं नाही, वळवणं आहे. आणि आमच्या इमल्शनमध्ये जोडणं. हे तीन शब्द पुतणीच्या पोस्टरवर मोठ्या अक्षरात जातील.

आणि आता ते, जे वाचून मी खुर्चीतून उठून फेऱ्या मारल्या. इंग्लंडमध्ये एसेक्समधल्या रॉचफर्ड हॉस्पिटलमध्ये वॉर्ड आडनावाच्या एक सिस्टर होत्या, अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा विभाग सांभाळायच्या आणि ऊन चांगलं असलं की बाळांना अंगणात न्यायच्या. १९५६ च्या उन्हाळ्यात त्यांनी डॉक्टरांना एक बाळ दाखवलं, अंग फिकट पडलेलं पण एका जागी पिवळा त्रिकोण तसाच. डॉक्टरांना वाटलं काही लावलंय का अंगाला. तर चादरीचा कोपरा तिथे झाकलेला होता! बाकी अंगाचा पिवळेपणा उन्हाने उतरला होता, कोपऱ्याखालचा राहिला होता. पुढे तिथेच रक्ताची एक नळी उन्हात राहून गेली आणि तिच्यातलं बिलिरुबिन अपेक्षेपेक्षा खूप कमी आलं. मग तिथल्याच डॉक्टर क्रेमर आणि सहकाऱ्यांनी दिव्यांखाली बाळांना ठेवून बघितलं आणि १९५८ मध्ये ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

चादरीचा कोपरा. आमचं पेरूचं पान. बाबांची पॉझिटिव्ह. झाकलं तिथे राहिलं, उघडं तिथे बदललं. त्या बाईंनी हे कुठल्याही यंत्राशिवाय, रोज बाळांना हाताळता हाताळता बघितलं, आणि बघून सोडून दिलं नाही, चादर बाजूला करून डॉक्टरांना दाखवलं. पेटीतल्या आमच्या पोरीकडे बघत मी मनातल्या मनात त्यांना नमस्कार केला.

अजून एक. हे सगळं मी वाचू शकतोय ते पण उजेडाने एक रेणू वळवल्यामुळेच. डोळ्याच्या पडद्यात रेटिनल असतं, उजेडाचा कण लागला की वाकलेलं असतं ते सरळ होतं, सेकंदाच्या पाच लाख कोटीव्या भागात. तिथून पुढे दिसणं सुरू. बाळाच्या डोळ्यांवर पट्टी आहे ती हेच नाजूक काम करणारा पडदा सांभाळायला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळच्या रिपोर्टमध्ये बिलिरुबिन साडेबारा. दिवा बंद केला. आता बाळ बहिणीजवळ आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

घरी आले सगळे. आईचं म्हणणं, रोज सकाळी कोवळ्या उन्हात धरायचं, आमच्या सगळ्या पोरांना असंच केलं, म्हणजे कावीळ परत येत नाही. यावर बहिणीची नि तिची थोडी वादावादी झाली. मी डॉक्टरांनी सांगितलेलं सांगितलं. उन्हात निळा उजेड असतो हे खरंच, आईचं मूळ चुकीचं नाही, सिस्टर वॉर्ड पण तेच करत होत्या. पण उन्हात निळ्याबरोबर गरमी येते आणि अतिनील येतो, बाळाची कातडी भाजू शकते, नाहीतर उघडं ठेवलं तर गारठतं, आणि मोजमाप काहीच नाही, किती गेलं, किती पुरलं. दिव्यात नेमका तेवढाच तुकडा मिळतो. कावीळ वाढली असेल तर उन्हाच्या भरवशावर घरी बसणं धोक्याचं, रक्त तपासायलाच पाहिजे.

आणि ड जीवनसत्त्वाचं म्हणाल तर त्याला निळा चालतच नाही, २९० ते ३१५ नॅनोमीटरचा अतिनील लागतो, तो खिडकीची काच अडवते आणि कोवळ्या उन्हात तो फारच थोडा असतो. डॉक्टरांनी त्याचे थेंब लिहून दिलेत. पुतणीने लगेच हळदीचा एक कागद खिडकीच्या काचेआड आणि एक बाहेर ठेवून दाखवला, हळद दोन्हीकडे उडते, कारण निळा काचेतून येतोच. एकाच उन्हात वेगवेगळी कामं करणारे वेगवेगळे उजेड असतात, हे आईला त्या दोन कागदांवरून कळलं, माझ्या बोलण्यावरून नाही. थेंब आता तीच वेळेवर पाजते.

१९ फेब्रुवारी, बुधवार

बारसं. काळ्या कागदात बाळाचं नाव कापून हळदीच्या कागदावर ठेवलं होतं, अक्षरं फिकट, भोवती टाकणखाराने लाल. पाळण्याच्या मागे लावलं, पण पडद्याआड.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

प्रदर्शन झालं. टेबलावर सगळे कागद मागच्या नोंदींसकट, बिघडलेला पहिला सुद्धा. सगळ्यात वर आम्ही काळं कापड टाकलं होतं आणि बघायला येणाऱ्याने ते स्वतः उचलायचं. कारण या प्रिंटला पक्कं करायचा उपायच नाही. जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४२ मध्ये फुलापानांच्या रसावर असे प्रयोग केले होते, त्याच वर्षी त्याने लोखंडाच्या क्षारांवरची निळी छपाई पण काढली, ती पाण्यात धुतली की पक्की होते आणि पुढे इमारतींचे नकाशे तिच्यावरच निघायचे. रसाची मात्र तशीच राहिली, कारण ज्या उजेडात ती बघायची त्याच उजेडात ती उडत जाते.

एका मुलाने विचारलं, मग उपयोग काय. पुतणीने त्याला पिवळ्या त्रिकोणाची गोष्ट सांगितली. मी मागे उभा होतो. तिने चादरीच्या जागी रुमालाचा कोपरा हातावर धरून दाखवला, आणि नंतर म्हणाली माझ्या आत्याच्या बाळाला पण असाच निळा दिवा लावला होता, ती आता वीस दिवसांची आहे. त्या मुलाच्या मागे एक बाई उभ्या होत्या, त्यांनी तिला परत पहिल्यापासून सांगायला लावलं आणि काळं कापड दोनदा उचलून बघितलं.

नंबर दुसरा आला. तीन कागदांच्या बर्फवाल्या प्रयोगाचं परीक्षकांनी खास कौतुक केलं, तो प्रश्न तिचा होता म्हणून मला जास्त आनंद.

१९ मार्च, बुधवार, रंगपंचमी

रहाडीवरून, म्हणजे रंगपंचमीच्या रंगाच्या हौदावरून, आलो, पांढरा सदरा पिवळाधमक. त्याची अर्धी बाही पुतणीने काळ्या कागदात गुंडाळून गच्चीवर टाकली, बघू रहाडीचा रंग किती टिकतो.

हळदीचे आजचे वेळ लिहितो, सूर्य ६९ अंशांवर, आभाळ स्वच्छ. १२ जानेवारीला जो फिकटपणा यायला चार तास लागले तो आज अडीच तासांत आला. द्राक्षाच्या पानांचा शेवटचा प्रिंट आज केला. बारशाचा नावाचा कागद पडद्याआड असून पण भोवतीचा लाल थोडा उतरलाय, तो काढून इमल्शनची फिल्म येते त्या काळ्या पाकिटात घातला, बहीण रविवारी सासरी जाईल तेव्हा तिच्या बॅगेत ठेवायचा. पाकिटावर लिहिलंय, संध्याकाळी बघायचं, पिवळ्या बल्बखाली.